विंगेत राहिलेला शब्द

पनवेलमध्ये माझ्या जुन्या विद्यार्थिनी कुठे भेटल्या की अजूनही त्या दुपारचा विषय निघतो. मुलींच्या शाळेच्या सभागृहात झालेला तो एकच प्रवेश, बाईंचं ते नुसतं उभं राहणं आणि बोलण्याआधीची ती लांबलचक शांतता. "अंगावर काटा आला होता हो," एखादी म्हणते, आणि मग सगळ्या माझ्याकडे बघतात, कारण मी तेव्हा विंगेत होते. सगळ्यांत जवळून मीच पाहिलं. मी म्हणते, "हो, छान झालं होतं," आणि वह्या तपासायच्या राहिल्यात असं सांगून निघते. वह्या तपासून झालेल्या असतात.

ते छान झालं नव्हतं. बाई वाक्य विसरल्या होत्या. ते वाक्य माझ्यासमोर लिहिलेलं होतं, माझं बोट त्याच्यावर होतं, आणि मी ते त्यांना दिलं नाही. आजवर हे मी एकाच माणसापाशी बोलले. आता लिहून टाकते. वडील गेले, बाई गेल्या, माझीही पंचेचाळिशी उलटली. कुणाला काय वाटेल याची भीती बाळगायलासुद्धा आता घरात माणूस नाही.

बाईंचं नाव लिहीत नाही. नाटकांत बायकांची कामं पुरुष करायचे त्या काळात पुरुषांच्या बरोबरीनं रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या पहिल्या दोन-चार बायकांपैकी त्या एक. पुढे मुक्या सिनेमात गेल्या, मग बोलक्या सिनेमात. मी त्यांना ओळखू लागले तोवर हे सगळं होऊन गेलेलं होतं. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास त्या पनवेलला आल्या, खोकल्यामुळे. मुंबईची हवा सोसेना आणि कुणीतरी इथल्या वैद्यांचं नाव सुचवलं. तळ्याकाठी आमच्या घराच्या भिंतीला लागून दोन कौलारू खोल्या होत्या, त्यांत त्या राहिल्या. तीन महिन्यांसाठी आलेल्या बाई वीस वर्षं राहिल्या. का राहिल्या, हेच मला सांगायचं आहे.

वडील शाळामास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं, "नाटकवाली आहे. भेटली तर नमस्कार करायचा, उंबरा ओलांडायचा नाही." वर्षभर मी ते पाळलं. पण भिंत मध्ये एकच होती. सकाळी बाई मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या आणि मग तळ्याकडची खिडकी उघडून आवाज लावायच्या. गाणं नव्हे, एकच स्वर, पार पलीकडच्या काठापर्यंत. तळ्यात म्हशी धुणारे गवळी माना वर करून बघत.

त्यांच्याकडे धुणंभांडी करायला जवळच्या कोन गावाहून एक मावशी चालत यायची. डोक्यावरच्या टोपलीत भाजी, कधी खाडीतला जिताडा मासा, आणि तोंडात अख्ख्या गावाची खबर. एक दिवस परसातून तिचा आवाज आला, "बाय, तू रोज वरडतंस कोनाला? त्या काठावर तर आमच्या पाहुन्यांचं कुनी रात नाय."

"मागच्या रांगेला," बाई म्हणाल्या.

"ती कुठं हाय?"

"आत्ता नाही गं. पण असल्यासारखं ओरडायचं असतं."

"मंग बरा. मना वाटलं, येड लागलं."

मी परसात कपडे वाळत घालत होते. हसू आलं, आणि सवयीनं पदर हनुवटीवर गेला. बाईंनी ते पाहिलं.

हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. सोळाव्या वर्षी मला कोड निघालं. आधी ओठाखाली, मग हनुवटीवर, मग बोटांच्या पेरांवर. लग्नाची बोलणी थांबली. मी शिक्षिका झाले, कारण दुसरं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. लोक माझ्याशी बोलताना माझ्या कपाळाकडे बघायचे, किंवा खांद्यावरून मागे. आईसुद्धा, ती होती तोवर.

बाईंनी कुंपणापाशी येऊन सरळ माझ्या हनुवटीकडे पाहिलं. "मला वाटलं दात दुखतोय. एवढंच होय? ये इकडे."

उंबरा मी त्या दिवशी ओलांडला. त्यांनी ट्रंकेतून रंगाची पेटी काढली. दोन कांड्यांतला रंग तळहातावर मिसळला आणि बोटानं माझ्या तोंडाला लावला, शिंप्यानं कापडाला खडू लावावा तितक्या सहजपणे. आरशात मी पाहिलं तर डागच नव्हता. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग त्यांनी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन ते सगळं पुसून काढलं.

"राहू द्या ना," मी म्हटलं.

"नाही. रंग कामापुरता लावायचा. घरी लावून बसलीस तर उतरवताना रडशील. मी रडलेय."

त्यानंतर शाळा सुटली की मी तिथेच. वडिलांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. ज्या मुलीचं लग्नच व्हायचं नाही तिची बदनामी ती काय होणार, असा हिशेब त्यांनी मनात केला असावा. ते तसं बोलले मात्र नाहीत.

बाईंचं पूर्वायुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, तांदूळ निवडताना, वेणी घालून देताना. त्यांची आई गाणारी. "आमच्या घरात गाणं होतं," त्या म्हणत, "म्हणून लोकांना आमच्याकडे येता यायचं. आम्हाला लोकांकडे जाता यायचं नाही." पंधराव्या वर्षी त्या नाटक कंपनीत गेल्या त्या मागे बसून सूर धरायला. कंपनीत नायिका व्हायचा तो पुरुष एका गावी तापानं पडला आणि मालकांनी आयत्या वेळी यांना उभं केलं. पडदा वर गेला तसे पुढच्या रांगेतले काही प्रतिष्ठित लोक उठून गेले. बायकांच्या भागातून कुणीतरी केळीचं साल मारलं. ते बाईंच्या खांद्यावर बसलं, आणि पहिला प्रवेश संपेपर्यंत त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"काढलं का नाही?" मी विचारलं.

"काढलं असतं तर ते मला लागलं असं झालं असतं."

महिन्याभरानं तो आजारी नट बरा होऊन आला. त्याची जागा गेली होती. पण त्यानंच बाईंना नऊवारीत कसं चालायचं, मान कुठे वळवायची, पदर कोणत्या वाक्यावर सावरायचा, हे सगळं शिकवलं. हे सांगताना बाई हसून हसून खोकायच्या. "बाईमाणसानं बायकी कसं चालायचं ते मला मिशा काढलेल्या एका बाप्यानं शिकवलं. आणि खरं सांगू, माझ्याहून त्याला ते चांगलं यायचं."

मुक्या सिनेमात ऊन असेल तेवढंच काम. ढग आला की सगळे राजे-राण्या तोंडाला रंग लावून झाडाखाली शेंगदाणे खात बसत. तिथे कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी बाई संवाद पाठ करून जायच्या आणि खणखणीत म्हणायच्या. पुढे बोलका सिनेमा आला तेव्हा नेमका तोच आवाज आडवा आला. मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला असे आणि यंत्रावरचा माणूस ओरडे, "बाई, हळू, हळू." ज्या आवाजानं मागची रांग मिळवली तो आता लहान करायचा. बाई तेही शिकल्या. तिशी उलटेपर्यंत त्या नायिका होत्या, पस्तिशीला नायकाची आई, आणि मग कुणी बोलवेना.

माझ्या हातात त्यांनी त्यांचं जुनं बाड दिलं ते याच दुपारांमधल्या एका दुपारी. बाड म्हणजे नाटकाची हस्तलिखित वही, दोऱ्यानं शिवलेली, कोपरे तेलकट झालेली. "तू मास्तरीण आहेस, तुझं वाचणं स्वच्छ आहे. मी म्हणते, तू वहीत बघ. अडले तर पुरव."

विंगेत उभं राहून नटाला वाक्य पुरवण्याचं काम सोपं वाटतं. दिसतं तसं ते मुळीच नाही. बाईंनी मला ते वर्षानुवर्षं शिकवलं. अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द द्यायचे. ओठांनी नाही, श्वासानं द्यायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नटाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.

"चेहऱ्याकडे बघशील तर तू प्रेक्षक होशील," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताकडे बघ. माझा डावा अंगठा शेजारच्या दोन बोटांवरून पलीकडच्या बोटावर गेला, अंगठी फिरवावी तसा फिरायला लागला, की समज मी अडले. अंगठा स्थिर असेल तर मी किती का वेळ गप्प असेना, मध्ये पडायचं नाही. ती माझी जागा आहे."

अंगठी त्या बोटात नव्हती. कधी होती का, ते मी विचारलं नाही.

त्यांची नावाजलेली जागा एका नाटकातल्या शेवटच्या प्रवेशात होती. आईचा लहानपणी हरवलेला मुलगा कित्येक वर्षांनी बैराग्याच्या वेषात दारात येतो. गाव म्हणतं हा तोतया आहे, आईनंच ओळख सांगावी. आई त्याच्याकडे नुसती बघते. बाई तिथे पाच श्वास थांबत. मग म्हणत, "पाय धुऊन घे. पान वाढलंय." एवढंच, आणि पडदा. त्या पाच श्वासांसाठी माणसं गावोगावहून बैलगाड्या करून यायची, असं मी पुढे दुसऱ्यांकडूनही ऐकलं.

मुंबईहून ते पत्र आलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. पाठवणारे गृहस्थ सिनेमा काढत होते. तरुणपणी ते बाईंच्या कंपनीत लहानसहान कामं करायचे. त्यांना आईच्या भूमिकेसाठी बाई हव्या होत्या, पण इतक्या वर्षांनी प्रकृती आणि पाठांतर कसं आहे ते एकदा डोळ्यांनी बघावं असं त्यांनी आडवळणानं लिहिलं होतं. बाईंनी पत्र मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "परीक्षा घ्यायचीय होय माझी? घेऊ दे. पण खोलीत बसून पाढे म्हणणार नाही. त्याला म्हणावं, प्रवेश बघायला ये."

शाळेत बायकामुलींसाठी दुपारचा कार्यक्रम ठरला. बाईंना मी तशा कधी पाहिल्या नव्हत्या. लोणचं बंद केलं, ताक बंद केलं. जुनी साडी उन्हात टाकून तिच्याभोवती घारीसारख्या फिरत होत्या. कोनच्या मावशीला एकदा मुलगा करून दारात उभं केलं, तर ती म्हणाली, "मी काय बैरागी? मना घरी चार पोरां हायत."

तालमीत एक गोष्ट मात्र मला दिसू लागली. बाई अधूनमधून अडत होत्या. तिकडची वाक्यं इकडे येत. एकदा त्यांनी मला कुठल्याशा जुन्या नटीच्या नावानं हाक मारली. त्यांनाही ते कळत होतं. एक दिवस बाड मिटून त्या म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मी उभी राहतेय. नाहीतर त्याला लिहून कळवलं असतं, प्रकृती बरी नाही."

मी म्हटलं, "मी आहे ना."

हे तीन शब्द मी म्हटले. आजही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.

त्या पुढे बोलत राहिल्या. काम मिळालं की दादरला खोली घेणार. इथल्या दोन खोल्या सोडून देणार. ट्रंक नेणार, पाटा-वरवंटा मावशीला देणार. मी तांदूळ निवडत होते. "आणि तू," त्या म्हणाल्या, "सुट्टीत येत जा भेटायला."

येत जा. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. ठाण्याला वळसा घालून एसटीनं जायचं, नाहीतर उरणला जाऊन मोऱ्याच्या बंदरातून लाँच पकडायची. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचे दिवस भिंतीपलीकडे दुसरं कुणी बिऱ्हाड येईल, आणि ती माणसं माझ्या कपाळाकडे बघून बोलतील. हे सगळं मी तेव्हाच्या तेव्हा पाहून घेतलं. मी म्हटलं, "येईन की."

त्या दुपारी सभागृह भरलं होतं. सतरंज्यांवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. एकच पुरुष होता, तो म्हणजे मुंबईचे गृहस्थ, दारापाशी खुर्चीवर. मुलाच्या वेषात आमच्या चित्रकलेच्या बाई, दाढी चिकटवून. बाईंनी त्यांची दाढी नीट करता करता म्हटलं, "आमच्या वेळी बाप्ये बायका व्हायचे. आता तुम्ही सूड उगवा."

मी डावीकडच्या विंगेत, हातात बाड. पडदा सरकला. बाई आल्या तशी सतरंजीवरची कुजबुज आपोआप थांबली. पन्नाशी उलटलेली खोकणारी बाई कुठे गेली कळेना. प्रवेश पुढे सरकत गेला. मी दोन ठिकाणी शब्द पुरवले, दोन्ही वेळा त्यांनी ते असे उचलले की मलाही माझा आवाज ऐकू आला नाही. मग ती जागा आली.

बाई मुलाकडे बघत राहिल्या. मी हाताकडे बघत होते. अंगठा स्थिर होता. एक श्वास, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला अंगठा हलला. दोन बोटं ओलांडून पलीकडच्या बोटावर गेला आणि फिरायला लागला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, प्रेक्षक झाले होते, असं मला सांगता आलं असतं. मन खायला लागलं की मी स्वतःला तेच सांगत आले. ते खोटं आहे. मी हाताकडेच बघत होते. माझं बोट 'पाय धुऊन' या शब्दांवर होतं. श्वास भरून घेतलेला होता. आणि तो मी सोडला नाही. मनात काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. फक्त इतकंच समजत होतं की हे दोन शब्द मी बोलले की बाई जाणार, आणि नाही बोलले तर राहणार. अंगठा फिरत होता. नसलेली अंगठी गोल गोल. बाईंनी मान वळवली नाही. विंगेकडे बघायचं नसतं हा त्यांचाच नियम.

किती वेळ गेला सांगता येत नाही. सभागृहात कुणी हललं नाही, कुठेतरी एक बाई हुंदका दाबत होती. आणि मग सतरंजीवरून कोनच्या मावशीचा आवाज आला, अगदी घरात बोलावा तसा.

"अगो बाय, पोर उपाशी हाय त्याचा. जेवाला घाल ना."

लोक हसले. रडता रडता हसले. बाईंच्या अंगठ्याचं फिरणं थांबलं. त्यांनी ते हसू विरू दिलं, आणि म्हणाल्या, "पाय धुऊन घे. पान वाढलंय."

टाळ्या किती झाल्या ते गावाला माहीत आहे.

बाई विंगेत आल्या आणि माझ्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत. जाताना फक्त माझ्या हातातलं बाड घेतलं आणि मिटलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत चहा होता. ते गृहस्थ व्हरांड्यात माझ्यापाशी आले, कपबशी हातात घेऊन. सज्जन माणूस. हळू आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, एक विचारू? ती जागा पाच श्वासांची होती. मी दोन वर्षं विंगेतून मोजलीय. आज किती झाले?"

मी पदर हनुवटीवर ओढला.

"अंगठाही पाहिला मी. तुमच्याकडून शब्द राहिला, की बाईंना ऐकूच आला नाही? खरं काय ते सांगा. कॅमेऱ्यापुढे मी सांभाळून घेईन. पण हे आजच्यापुरतं आहे, की रोजचंच झालंय?"

देवानं म्हणा की कुणी म्हणा, केलेली गोष्ट निस्तरायला माझ्यापुढे इतकी सोपी वाट ठेवली होती. माझ्याकडून राहिला, एवढं म्हणायचं होतं. मास्तरीण आहे, नवखी आहे, घाबरली, असं म्हणून त्यांनी मला क्षमा केली असती आणि बाईंना नेलं असतं. मी खाली बघत म्हटलं, "अलीकडे बरंच विसरतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आधी बोलायचं तेव्हा गप्प बसले, आणि आता गप्प बसायचं तर बोलले.

त्यांनी कपबशी कठड्यावर ठेवली. "वाईट झालं," म्हणाले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भूमिका बदलली आहे, आता आई अगदी लहान वयाची लागेल, असं काहीतरी. बाईंनी या वेळी ते मला वाचायला दिलं नाही. स्वतः वाचलं, घडी घालून बाडात ठेवलं, आणि मावशीला म्हणाल्या, "आज जिताडा नाही आणलास?"

मला त्या कधी काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या पूर्वीसारख्याच वागल्या, फक्त आवाज लावणं सोडलं. तळ्याकडची खिडकी सकाळी बंद असायची. मावशीनं महिनाभर वाट बघून मला परसात गाठलं.

"त्या रोजी तू गप का व्हतीस?"

"कधी?"

"कवा म्हंजे? पोर दारात उभा व्हता तवा."

मी म्हटलं, "मला वाटलं, ती त्यांची जागा आहे."

मावशीनं टोपली खाली ठेवली. "मना वाचता येत नाय," ती म्हणाली, "पन मना सुदा कललं."

पुढची दहा वर्षं मी बाईंना शब्द पुरवले. ही अतिशयोक्ती नाही. विसरणं हळूहळू सगळीकडे पसरलं. कपबशी हातात घेऊन त्या माझ्याकडे बघायच्या, मी म्हणायची, "चहा." दारात उभ्या राहायच्या, मी म्हणायची, "आंघोळ." वैद्य म्हणाले, कामात असत्या तर इतक्या लवकर झालं नसतं कदाचित. कदाचित झालंही असतं. मी त्यांना परत विचारायला गेले नाही.

त्यातच पनवेलला दिव्याहून रेल्वे आली. तिची शिटी ऐकली की बाई ट्रंक ओढायला लागायच्या. "पडदे चढवले का? रंगाची पेटी कुणाकडे आहे? मुक्काम कुठला आता?" कंपनीची गाडी चुकेल म्हणून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. रुळांवर धावत निघालेल्या माणसाला थांबवावं तसं मी त्यांना उंबऱ्यापाशी धरून ठेवायची. सुरुवातीला मी समजावायची, मग खोटं बोलायला लागले. "गाडीला उशीर आहे, बाई." त्यावर त्या शांत व्हायच्या. उशीर त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांना माझ्यापाशी ठेवून घ्यायचं होतं मला. ठेवून घेतलं. आणि आता त्या माझ्याकडे बघायच्या ते माझ्या कपाळाकडेसुद्धा नाही, कुठेच नाही.

एका दुपारी, त्या जायच्या वर्षभर आधी, त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी वेणी घालून दिली, समोर येऊन जमिनीवर बसले, आणि बोलले. तयारी केली नव्हती. "बाई, त्या दिवशी शब्द माझ्यासमोर होता. मला तुमचा अंगठा दिसत होता. मी मुद्दाम दिला नाही. तुम्ही मुंबईला जाऊ नये म्हणून."

बाईंची मान किंचित तिरपी झाली. कित्येक महिन्यांत दिसली नव्हती तशी नजर माझ्यावर स्थिरावली.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं.

"शेवट गिळतेस. मागच्या रांगेतल्या बाईनं काय करायचं? आणि 'मुद्दाम'च्या आधी थांब. तिथे जागा आहे."

मला आधी कळलंच नाही. त्या तालीम घेताहेत हे कळलं तेव्हा मी उठून जाऊ शकले असते. पण मी त्यांच्या मुठीत होते. तिसऱ्यांदा म्हटलं, थांबून, मोठ्यानं. भिंतीपलीकडे आमच्या घरी वडील आजारी पडून होते, त्यांना ऐकू गेलं असेल. चौथ्यांदा म्हणताना मी रडायला लागले.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "बोलणारीच रडली तर ऐकणारीनं काय करायचं? हां. आता बरं झालं. पुढे?"

"पुढे काही नाही, बाई. एवढंच."

"असं कसं? माझं वाक्य आहे पुढे."

त्या ताठ बसल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, आईनं त्या मुलाकडे बघावं तशा. मी हाताकडे पाहिलं. अंगठा स्थिर होता. मग तो हलला, दोन बोटं ओलांडून गेला आणि फिरू लागला.

बाईंना त्यांचं वाक्य हवं होतं. मी म्हटलं असतं ते त्यांनी उचललं असतं, हे मला माहीत होतं. 'जाऊ दे' म्हटलं असतं तर 'जाऊ दे' म्हणाल्या असत्या, आणि असं म्हणाल्या असत्या की मागच्या रांगेपर्यंत पोचलं असतं. माझ्या तोंडात ते शब्द आलेही होते. पण ते मीच लिहायचे आणि मीच पुरवायचे, आणि मग त्यांच्या तोंडून ऐकायचे, हे माझ्यानं होईना.

अंगठा फिरत राहिला. मी पुढे होऊन तो माझ्या दोन्ही हातांत धरला, तरी तो आतल्या आत हलत होता. बऱ्याच वेळानं स्टेशनाकडून शिटी ऐकू आली आणि बाई ट्रंकेकडे बघायला लागल्या.

"उशीर आहे अजून," मी म्हटलं.